पुढच्याची टाच

नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सर्वांत कडक नऊ दिवस, लागला की रायपूरच्या पहाटेच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. रात्रीचा उकाडा अजून भिंतींतून निघायचा असतो आणि पूर्वेला नव्या दिवसाचे ऊन येऊन ठेपलेलेही असते. त्या दोहोंमधल्या अरुंद फटीत तेलीबांधा तलावाभोवतीची फरसबंदी माणसांनी भरून जाते. कुणी झपाझप, कुणी काठी टेकत, कुणी नातवाचे बोट धरून. तलावाला आता सगळे मरीन ड्राइव्ह म्हणतात, मात्र समुद्राइतकेच डोंगराशीही या गावाचे काही नाते नाही. महानदीच्या खोऱ्यातला हा भाताचा सपाट मुलूख, समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंच. मान वर करून बघावे असे तलावाकाठी एकच काही आहे, ८२ मीटर उंचीच्या खांबावरचा तो मोठा तिरंगा. वारा पडलेला असला की तोही खांबाला लगटून गप्प असतो.

इथे चालणाऱ्यांच्या मनगटावर हल्ली घड्याळे असतात आणि ती पावले मोजतात. मला ते बघून नेहमी नैनसिंह रावत आठवतात. कुमाऊँतल्या मिलम गावचा हा शाळामास्तर १८६५ साली यात्रेकरूचा वेश घेऊन तिबेटात निघाला आणि पुढच्या वर्षी ल्हासाला पोचला. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांमागे एक मणी सरकवायचा, आणि त्या दिवशीचा हिशेब रात्री कागदावर उतरवून प्रार्थनाचक्राच्या पोटात लपवायचा. हिमालयापलीकडचा एवढा थोरला प्रदेश असा एका माणसाच्या पावलांनी नकाशावर आला. मंत्राच्या जागी आकडा पुटपुटत महिनोन् महिने चालणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय चालत असेल, हा विचार मला सोडत नाही. मोजता मोजता आकड्याचाच मंत्र होऊन जात असेल का? सारखे एकाच गतीने चालत राहिले की मनातली बडबड हळूहळू खाली बसते, गढूळ पाणी निवळावे तशी, एवढे मात्र मलाही ठाऊक आहे.

आमच्यासारखी मराठी घरे या बाजूला पिढ्यान् पिढ्या आहेत. काही नागपूरकर भोसल्यांच्या कारभाराबरोबर आली, काही नंतर रेल्वेच्या, शाळांच्या, कचेऱ्यांच्या नोकऱ्यांमागून. या घरांतून सह्याद्री असतो तो भिंतीवरच्या कॅलेंडरात आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात. माझे वडील राजगडाबद्दल असे सांगत, जणू कालच उतरून आलेत. संजीवनी माचीवर वारा कसा अंगावर येतो हे सांगताना ते बसल्या जागी किंचित तिरपे होत. आम्ही मुले जेवता जेवता हात थांबवून ऐकायचो, आणि खिडकीबाहेर बघितले तर सपाटच सपाट. तलावाजवळून धमतरीला जाणारी छोटी लाइन तेव्हा होती. ती इवलीशी गाडी डुलत डुलत भाताच्या शेतांतून निघायची आणि एवढ्याशा चढालाही धापा टाकायची. आता ते रूळ गेले, तिथे रुंद रस्ता झाला. सपाटीवर वाढलेल्या माणसाला डोंगराची ओढ वाटते ती अशी ऐकीव गोष्टींतून, आणि म्हणूनच बहुधा ती चिवट असते. बस्तरच्या नैना सिंह धाकड या मुलीने २०२१ मध्ये एव्हरेस्ट गाठले, ती बातमी वाचताना मला वडिलांचे ते तिरपे बसणे आठवले होते.

डोंगर मला भेटला तो बऱ्याच उशिरा, आणि भेटला तो हिमालयच. छत्तीसगढ एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने भुंतर, जिथे पार्वती नदी बियासला येऊन मिळते. मग पार्वतीच्या काठाकाठाने कसोल. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या सर पास मोहिमेचा तळ तिथे असतो. तळावर दोन दिवस अंगाला उंचीची सवय करतात, पाठपिशवी कशी भरायची ते शिकवतात, आणि तुकडी निघाली की बाकीचे सगळे दोन रांगा करून टाळ्या वाजवत निरोप देतात. परक्या माणसांनी आपल्यासाठी अशा टाळ्या वाजवाव्यात याने घसा दाटून येतो. पुढे ग्रहण गाव, मग देवदारांतून चढत पदरी, मिंग थाच, नगारू. थाच म्हणजे मेंढपाळांची उंचावरची कुरणे. रोज एक मुक्काम, रोज तंबू, आपले ताट आपण बर्फगार पाण्यात घासायचे, आणि निजण्यापूर्वी पेलाभर गरम बोर्नव्हिटा. इतक्या लहान गोष्टींवर दिवस तोलून धरता येतो हे घरी राहून कळले नसते.

सगळ्या वाटेतला एकच दिवस मला इथे सांगायचा आहे, नगारूहून खिंड ओलांडण्याचा.

नगारूचे तंबू उतारावर असतात आणि रात्रभर वारा त्यांच्याशी भांडत असतो. पाण्याची बाटली झोपण्याच्या पिशवीत, पोटाशी घेऊन निजायचे, नाहीतर सकाळी आत दगड. पहाटे तीनच्या सुमारास बाहेरून हाक आली, ‘चाय ले लो जी, चाय।’ एवढ्या लवकर का, तर बर्फ रात्री आवळून कडक झालेला असतो तोवर त्यावरून चालून घ्यायचे. ऊन वर आले की तो मऊ पडतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततात, आणि दुपारनंतर आभाळाचा काही भरवसा नसतो. बुटांच्या गोठलेल्या नाड्या बोटांनी गरम करून सैल केल्या. बाहेर पडलो तेव्हा तारे इतके होते की त्यांचा उजेड बर्फावर पडल्यासारखा वाटत होता. वारा मात्र थांबलेला.

आमचा वाटाड्या खालच्याच गावचा, विशी-बाविशीचा पोरगा. हातात कुऱ्हाडीसारखे बर्फ फोडायचे हत्यार, खांद्याला दोर. तो पुढे जाऊन कडक बर्फात एकेक पायरी खोदायचा, दोन घाव, मग टाचेने दाबायचा, मग पुढची. मी त्याच्या लगेच मागे होते. सुरुवातीला मी सारखी वर बघत होते, खिंड दिसते का म्हणून, आणि दर वेळी छाती भरून यायची. त्याने मागे न वळताच ओळखले. म्हणाला, ‘दीदी, ऊपर मत देखो। मेरी एड़ी देखो।’

मग मी टाच बघत चालले. काळे रबरी गमबूट. उजव्याच्या टाचेवर भेग पडली होती आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा चौकोनी तुकडा चिकटवलेला होता. त्याचा एक कोपरा सुटला होता. प्रत्येक पावलाला तो कोपरा उघडायचा, त्यात बर्फाचा भुगा अडकायचा, पुढच्या पावलाला पडून जायचा. किती वेळ मी त्या कोपऱ्याकडे बघत होते कुणास ठाऊक. डोंगर नव्हता, खिंड नव्हती, उजवीकडची दरी तर नव्हतीच; ती टाच उठली की तिच्या जागी माझा पाय. आयुष्यभर आपण पुढचे बघून चालावे असे शिकतो आणि शिकवतो, घरात, नोकरीत, पोरांना वाढवताना. कुणीतरी पुढे आहे, त्याला वाट माहीत आहे, आपण फक्त एका पावलाचे धनी आहोत, असा निवांतपणा मला कधी मिळाला होता हे आठवू गेले तर फार मागे जावे लागले. जत्रेच्या गर्दीत वडिलांच्या धोतराचा सोगा धरून चालण्यापर्यंत.

सर पासची उंची सुमारे १३,८०० फूट सांगतात, म्हणजे ४,२०० मीटरच्या आसपास. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जेमतेम साठ टक्के. सर पासची ही उंची दूर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या एका खिंडीशी जवळजवळ जुळते. पेरू देशात माचू पिचूला जाणारी जी जुनी इंका वाट आहे, चार दिवसांची, सुमारे ४३ किलोमीटरची, तिच्यावरची सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे. पृथ्वीच्या दोन पाठींवर दोन खिंडी, उंची जवळपास तीच, पातळ हवा तीच, आणि दोन्हीकडे कुणीतरी परगावचा माणूस कुणातरी गावकऱ्याच्या टाचेकडे बघत धापा टाकत चालतो आहे, हे कळल्यापासून अँडीजविषयी मी मिळेल ते वाचत आले.

अमेरिकन प्राध्यापक हायरम बिंगहॅम २४ जुलै १९११ रोजी माचू पिचूला पोचला आणि जगभर त्याचे नाव झाले. त्याला तिकडे नेणारा मेल्चोर आर्तेआगा हा खालच्या खोऱ्यातला शेतकरी. त्या दिवसाची त्याची मजुरी ठरली होती एक सोल, त्या देशातले एक नाणे. पावसाळी सकाळ होती, बरोबरच्या बहुतेकांनी अंग काढून घेतले. वर चढून गेल्यावर तिथे शेती करून राहणारी कुटुंबे भेटली; त्यांनी दुधीच्या भांड्यांतून गार पाणी दिले आणि उकडलेली रताळी दिली. अवशेषांपर्यंतचा शेवटचा टप्पा दाखवायला त्यांच्यातला एक लहान मुलगा पुढे झाला. म्हणजे ज्या जागेचा शोध लागला असे पुस्तके सांगतात, तिथे पोरे खेळत होती आणि रताळी उकडत होती. मला त्या मुलाचा विचार येतो. पावसाने निसरड्या झालेल्या दगडांवरून तो अनवाणीच उड्या मारत गेला असेल. मागून येणाऱ्या उंच गोऱ्या माणसाला त्याची टाच दिसत असेल.

तिकडे त्या वाटेवर आता बरीच शिस्त आहे. दिवसाला पाचशेच माणसे सोडतात, आणि त्या पाचशेत हमाल, आचारी, वाटाडे सगळे धरलेले. पाहुणे त्यातले दोनशेच्या आसपास. फेब्रुवारीत, ऐन पावसात, वाट महिनाभर बंद ठेवतात, तिची डागडुजी करतात. एका वाटेलाही वर्षातून महिनाभर विसावा द्यावा, हे मला फार समंजसपणाचे वाटते. २००१ मध्ये पेरूने हमालांसाठी कायदा केला: एका पाठीवर वीस किलोंहून अधिक ओझे नको. वाटेच्या तोंडाशी काटा लावलेला असतो आणि गाठोडी वजन होऊन पुढे जातात. त्याआधी माणसे याच्या दुपटीनेही वाहत असत. हे हमाल बहुतेक केचुआ बोलणारे, डोंगरउतारांवरचे शेतकरी. पाहुण्यांच्या आधी पळत पुढच्या मुक्कामी जायचे, तंबू ठोकायचे, रांधून ठेवायचे. पाहुणा दमून पोचतो तेव्हा सूप तयार असते, आणि आपोआप तयार असल्यासारखे वाटते. आपल्याकडेही सूप असेच तयार असते. नगारूसारख्या ठिकाणी रॉकेल, तांदूळ, कांदे, बटाटे, पातेली, तंबूचे खांब, सगळे कुणाच्या तरी पाठीवरून, नाहीतर खेचराच्या पाठीवरून वर आलेले असते. तिथल्या त्या पेलाभर बोर्नव्हिटाला केवढ्या उंचीचा चढ चिकटलेला होता!

खिंडीच्या अलीकडे बर्फाने झाकलेले एक लहानसे तळे आहे. ते तळे आहे हे सांगावे लागते, कारण सगळेच पांढरे. वाटाड्याने तिथे आम्हाला अंतर राखून एकेकाने यायला लावले. मी त्या गोठलेल्या पाण्यावरून चालत होते आणि रायपुरात त्याच वेळी लोक आमच्या तलावाला फेऱ्या घालत असणार, घामाने निथळत, हे मनात येऊन मला उगाचच भरून आले. पाणीच ते. पलीकडे माथ्यावर दगडांची रास होती, तिला रंगीत चिंध्या बांधलेल्या. वाटाड्याने खिशातून एक छोटा दगड काढून तिच्यावर ठेवला. खालून, बर्फ सुरू होण्याआधीच त्याने तो उचलून आणला होता. हात जोडले नाहीत की काही म्हटले नाही. नुसता ठेवला आणि पुढे झाला.

अँडीजमध्ये अशा राशींना अपाचेता म्हणतात. खिंडीत पोचलेला वाटसरू खालून आणलेला दगड तिथे ठेवतो, कोकाची पाने ठेवतो. उंच शिखरे ही त्यांची राखणदार दैवते आणि भूमी ही पाचामामा, तिला पेयाचा पहिला घोट जमिनीवर सांडून द्यायचा. आमच्याकडे बस्तरला जाताना केशकालचा घाट लागतो, वळणामागून वळण. तिथे तेलीन सती माईच्या देवळाशी ट्रकवाले थांबतात, नारळ वाढवतात, मगच गाडी गिअरमध्ये टाकतात. पंढरीचा वारकरी दिवे घाट चढताना नाव घेत चढतो. चढाच्या माथ्यावर माणसाला काहीतरी देऊन टाकावेसे वाटते, मग हाताशी दगड असला तर दगड. हे कुणी कुणाला शिकवले नसावे. श्वास पुरत नाही तेव्हा माणसाला आपली मापे खरी कळतात, आणि त्या क्षणी हात आपोआप रिकामा करावासा वाटत असेल.

खिंडीच्या पलीकडे, वारा लागणार नाही अशा खडकाच्या आडोशाला आम्ही डबे उघडले. पोळ्या थिजून पापडासारख्या झाल्या होत्या आणि बटाट्याची भाजी कडेने गोठली होती. आमच्यातल्या एका पुणेरी काकूंची त्या दिवशी एकादशी होती. त्यांनी पोळी बाजूला सारली, नुसते बटाटे घेतले, आणि कनवटीला बांधावी तशी जपून आणलेली दाण्याच्या लाडवांची पुडी सोडली. सगळ्यांना एकेक. हा बटाटा मुळात अँडीजचा; टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या थंड पठारांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी रानटी, कडवट कंदातून तो माणसाळवला. रात्री गोठवायचा, दिवसा उन्हात वाळवायचा, पायांनी तुडवून पाणी काढायचे, अशी करून ठेवलेली त्याची सुकी रूपे तिकडे वर्षानुवर्षे टिकतात. शेंगदाणा त्याच पर्वताच्या पूर्वेकडच्या पायथ्याचा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोही दक्षिण अमेरिकेचाच. विठ्ठलाच्या एकादशीला चालते ते बरेचसे ताट सातासमुद्रांपलीकडून आले आहे, बहुधा पोर्तुगीजांच्या गलबतांतून, आणि आपल्या देवाने ते कधीच परके मानले नाही. काकूंना मी हे तेव्हा सांगितले नाही. धाप लागलेली होती. पण तो लाडू तोंडात विरघळताना बिंगहॅमला रताळी देणारी ती अनाम गृहिणी मला या खडकाच्या आडोशाला आमच्यातच बसलेली वाटली.

काकूंचे ओठ निळसर झाले होते, वाटाड्याच्या गालांवर मात्र लाली. पिढ्यान् पिढ्या उंचावर राहिलेल्या माणसांची शरीरे निराळी घडतात, आणि गंमत अशी की सगळीकडे सारखी घडत नाहीत. अँडीजमधल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन वाढलेले असते. तिबेटी माणसाचे रक्त त्या मानाने पातळच राहते, तो श्वास अधिक घेतो. एकाच अडचणीवर दोन उत्तरे, दोन्ही बरोबर. आमच्या छत्तीसगढच्या मैनपाटात गेल्या शतकाच्या साठच्या दशकात तिबेटी निर्वासितांना वसवले. चार हजार मीटरवर जगायला घडलेली ती फुप्फुसे हजारेक मीटरच्या पठारावर आली, आणि तिथे ती माणसे पिकवतात काय, तर टाऊ, म्हणजे कुट्टू, आणि बटाटा. मैनपाटाच्या शेतात पांढरी-जांभळी बटाट्याची फुले मी पाहिली आहेत. एका तिबेटी आजींनी फुलाला बोट लावून मला विचारले होते, खाली रायपूरला फार उकडते ना? त्यांनी हा प्रश्न विचारताना वर, उत्तरेकडे बघितले.

उतरताना बर्फाचा लांबलचक उतार लागतो. तिथे बसायचे, पाय जुळवायचे आणि सोडून द्यायचे. वाटाडा आधी घसरत जातो, त्याच्या अंगाने पडलेल्या चरीतून मग बाकीचे. पन्नाशी उलटलेल्या बायका त्या चरीतून किंचाळत, हसत खाली येत होत्या आणि तळाशी तो प्रत्येकीला हात देऊन उभी करत होता, पाठीवरचा बर्फ झटकत होता. काकू उठल्या तेव्हा त्याला म्हणाल्या, ‘बाळा, तुझे हात किती गार पडलेत रे!’ त्याला मराठी कळले नसणार. पण त्याने हात पाठीमागे घेतले, लाजून.

बिस्केरीचे तंबू दिसले तेव्हा दुपार कलली होती. गवत पहिल्यांदा दिसले, आणि पाण्याचा आवाज. मुक्कामावरच्या माणसांनी गरम सरबत पुढे केले. सगळे मटकन बसले. वाटाड्याने पाठीवरची पिशवी उतरवून जमिनीवर ठेवली. आमच्यातल्या एका मुलीला खिंडीखाली मळमळायला लागले होते, तेव्हापासून तिची पिशवीही त्याने आपल्या पिशवीवर बांधली होती. शिवाय दोर, ते हत्यार, औषधांची पेटी. मी ती पिशवी जरा सरकवायला म्हणून एका हाताने उचलायला गेले तर ती हललीच नाही. इथे वाटेच्या तोंडाशी काटा नव्हता. मी त्याला विचारले, किती वजन असेल? तो म्हणाला, उतराई में पता नहीं चलता। मग त्याने त्या मुलीची पिशवी सोडून तिच्या तंबूच्या दाराशी नेऊन ठेवली, आणि टाचेवरचा तो सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला.

त्याने सरबत उभ्यानेच प्यायले. काकूंनी उरलेले लाडू पुडीसकट त्याच्या हातात दिले. त्याने एक तोंडात टाकला आणि पुडी टोपीत ठेवली. संध्याकाळपर्यंत त्याला परत नगारूला पोचायचे होते. दुसरी तुकडी तिथे येऊन उतरलेली असणार होती, आणि तिला पहाटे तीनला उठवायचे काम त्याचेच होते.